मागील चाकांचे ब्रेक आणि मोकळ्या गाडीचा प्रश्न

अमरावतीच्या बडनेरा रस्त्यावर काय किंवा अकोल्यात काय, जीपच्या वंशातील एखादा जुना पिकअप ब्रेकच्या कामासाठी गॅरेजात येऊन उभा राहिला, म्हणजे त्याच्या मालकाची सगळी कैफियत बहुधा एकाच वाक्यात मावते; “मांगचे ब्रेक जरा कडक करून द्या ना मिस्त्री, भरली गाडी थांबतच नाही.” तक्रार खरी असते, कारण तुरीची पोती नाहीतर वरुड-मोर्शीकडची संत्री लादलेली गाडी मागे जड होऊन पुढे रेटत जाते, हे चालकाच्या पायाला रोज जाणवत असते. परंतु तीत गुंतलेली मागणी आहे तशी मान्य करण्याजोगी नसते. कारण जी गाडी सकाळी भरून बाजारात जाते तीच माल उतरवून दुपारी मोकळी परतते, आणि भरलेल्या गाडीला जो ब्रेक अपुरा वाटतो तोच मोकळ्या गाडीची मागील चाके जागच्या जागी जखडून तिला रस्त्यावर आडवी करण्यास पुरेसा असतो. मागील ड्रम ब्रेकची पुनर्बांधणी म्हणजे नवे लायनर ठोकून देणे, एवढाच अर्थ गॅरेजातही प्रचलित आहे. तो अपुरा आहे. कारखान्याच्या अभियंत्यांनी भरलेली व मोकळी अशा दोन अवस्थांमध्ये जी तडजोड घडवून ठेवली होती, ती झिजून, गंजून आणि अनेक हातांनी पिळली जाऊन बिघडलेली असते, आणि ती मूळ प्रमाणात पुन्हा प्रस्थापित करणे हे या कामाचे खरे स्वरूप आहे.

वऱ्हाडच्या वाहतुकीत अशा गाड्यांचा प्रवेश तसा उशिराचा. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या या प्रांतातील कापसाला १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने जगाची बाजारपेठ उघडून दिली. पाठोपाठ लोहमार्ग आला, आणि खामगाव, अकोला, अमरावती ही गावे कापसाची मातब्बर ठाणी झाली. तथापि शेतापासून जिनापर्यंतचा प्रवास पुढेही कित्येक वर्षे बंडीनेच होत राहिला, आणि उतारावर बंडी आवरण्याचे काम बैलांच्या मानेकडेच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटू लागले. मुंबईत १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद (जे पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर-जनरल झाले) यांनी पोलादाच्या व्यापारासाठी काढलेल्या पेढीचे १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे नामांतर झाले, आणि विलीस जीपची जुळणी हा तिचा प्रमुख व्यवसाय बनला. तर वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर घराण्यातील डॉज व फार्गो जातीच्या मालगाड्या बाहेर पडू लागल्या. जीप प्रथम सरकारी खात्यांच्या दिमतीला गेली, आणि तेथे निर्लेखित होऊन लिलावात निघाल्यावर मळेवाल्याकडे किंवा अडत्याकडे आली. मागचा भाग कापून त्या जागी लोखंडी पत्र्याचा हौदा बसविला की तिचा पिकअप होई. कारखान्यातूनच पिकअप म्हणून निघालेल्या गाड्याही होत्या, पण त्यांचे अंतरंग पुष्कळसे जीपचेच असे. जीपला पेलेल त्याहून अधिक भार तिच्या पाठीवर घालण्याची प्रथा मात्र खास आपली, आणि ब्रेकच्या निम्म्या तक्रारींचे मूळ तेथे आहे.

ड्रम ब्रेकचे तत्त्व यंत्रयुगाच्या मानाने जुने आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतून दोन अर्धवर्तुळाकार शू बाहेरच्या दिशेने दाबून घर्षण निर्माण करण्याची रचना फ्रान्समध्ये लुई रेनोने १९०२ मध्ये रूढ केली. पायाचा जोर दांड्या व तारांऐवजी द्रवाच्या दाबाने चारी चाकांकडे सारखा वाटून देण्याची कल्पना अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याची; ती १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या आणि १९२४ मध्ये क्रायस्लरच्या मोटारींवर आली, आणि जीपला ती आयतीच वारसाहक्काने मिळाली. लायनरची कथा याहून रंजक आहे. इंग्लंडच्या डोंगराळ डर्बीशर परगण्यात घोडागाड्यांचे चालक उतारावर लाकडी ब्रेक-ठोकळ्याला जुन्या जोड्यांचे चामडे लावतात, हे हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने पाहिले, आणि झीज सोसून पकड देणारा असा स्वतंत्र पदार्थच बनवावा या विचाराने १८९७ मध्ये त्याने जो उद्योग आरंभिला, त्याचेच नाव पुढे ‘फेरोडो’ म्हणून जगभर झाले.

ब्रेक गाडी थांबवितो असे आपण म्हणतो. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने तो गतीचे उष्णतेत रूपांतर करतो, एवढेच त्याचे कार्य. एकंदर २,००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असता तिच्यात सुमारे २ लाख ७८ हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते, आणि ती एकदा थांबविताना जी उष्णता निर्माण होते ती लिटरभर पाणी ३० अंशांवरून ९६ अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ उकळीपर्यंत, नेण्यास पुरेशी असते. आता हीच गाडी चिखलदऱ्याहून धामणगाव गढीच्या बाजूने परतवाड्याकडे उतरते आहे अशी कल्पना करावी. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच. उतार ७०० मीटरांचा धरला, तरी केवळ उंची गमावल्यामुळे मोकळी होणारी ऊर्जा १ कोटी ३७ लाख ज्यूल भरते, म्हणजे ताशी ६० च्या वेगातून जवळजवळ पन्नास वेळा गाडी थांबविण्याइतकी. यातला मोठा हिस्सा खालच्या गिअरमध्ये एंजिनाने शोषून घेतला नाही, तर तो सगळा ब्रेकच्या वाट्यास येतो. ११ इंची ओतीव लोखंडाचा ड्रम २०० अंशांनी तापला की त्याची त्रिज्या सुमारे ०.३ मिलिमीटरने वाढते. शू आणि ड्रम यांच्यामध्ये मुळात ठेवलेली फट त्याहून कमीच असते. तापलेला ड्रम अशा रीतीने शूपासून दूर सरतो, पेडल खोल जाते, आणि ज्याला ब्रेक ‘बसला’ असे वाटते तो चालक पुन्हा अधिक दाबून अधिक उष्णता निर्माण करतो.

सपाट प्रदेशातही निश्चिंत राहण्यासारखी स्थिती उरलेली नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मूर्तिजापूर या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून गिनीज विक्रम नोंदविण्यात आला, आणि त्याचे कौतुक सर्वत्र झाले. ते योग्यच होते. परंतु खाचखळग्यांच्या रस्त्यावर ताशी ४० ने धावणारा जुना पिकअप त्या गुळगुळीत पृष्ठावर सहजच ८० गाठू लागला, आणि वेग दुप्पट झाला असता थांबविण्याची ऊर्जा चौपट होते, हा हिशेब कोणत्याही उद्घाटन समारंभात सांगितला जात नाही.

आता मागील ब्रेक मुळातच सौम्य का ठेवलेला असतो, हे पाहू. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकांकडे झुकते. मोकळ्या पिकअपच्या मागील चाकांवर एरवी एकंदर वजनाच्या ४० टक्के भार आहे असे मानले, तर जोरदार ब्रेकच्या क्षणी तो २५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. आणि ज्या चाकावर भार नाही त्याला रस्त्याची पकडही नाही. अशा चाकावर मोठा ब्रेक लादला की ते फिरण्याचे थांबून घसरू लागते, आणि घसरणाऱ्या चाकाला आडव्या दिशेचा आधार उरत नाही. पुढची चाके जखडली तर स्टिअरिंग निकामी होते, पण गाडी निदान सरळ जाते. मागची जखडली तर गाडीचे शेपूट पुढे येऊ पाहते, आणि तिची फिरकी आवरणे कसलेल्या चालकाच्याही हाती राहत नाही. आषाढ-श्रावणात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरी रस्त्यावर येऊन पसरतो, त्यावर तर हा प्रसंग ताशी ३० च्या वेगातही ओढवतो. म्हणूनच ९ इंची ब्रेकच्या जुन्या विलीस जीपमध्ये पुढील व्हील सिलिंडरचा व्यास १ इंच, तर मागील केवळ पाऊण इंच ठेवलेला असे. दाब तोच असला तरी क्षेत्रफळाच्या हिशेबाने पुढचा सिलिंडर मागच्यापेक्षा पावणेदोन पटींहून थोडा अधिक जोर देतो. ‘मांगचे कडक’ करण्याच्या नादात कोणी मागे १ इंची सिलिंडर बसविला, की ही सगळी व्यवस्था एका दुपारीच मोडीत निघते. मागील चाकांवरील भार पाहून तेथील दाब कमी-अधिक करणारे व्हॉल्व्ह नंतरच्या काळातील पिकअपांना लाभले. जुन्या गाडीत ते काम चालकाच्या पायाला करावे लागते. शिवाय सगळा भार सारखा नसतो. तुरीची पोती हौद्याच्या तळाशी दडपून बसतात. सुटा कापूस भरला की वजन बेताचे आणि उंची भारी, त्यामुळे ब्रेकसरशी वजन पुढे झुकण्याचे प्रमाण कापसाच्या गाडीत अधिक असते.

इतकी भूमिका समजल्यावर मग जॅक लावावा. त्यातही प्रथम दक्षता हँडब्रेकची. जुन्या विलीस जीपमध्ये हा ब्रेक मागील चाकांत नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या मुखाशी असलेल्या स्वतंत्र छोट्या ड्रमवर काम करतो. मागचे एक चाक जमिनीवरून उचलले की डिफरन्शियल ते चाक उलट दिशेने मोकळे फिरू देते, आणि ओढून ठेवलेला हँडब्रेक गाडीला धरू शकत नाही. उतारावरील अंगणात या एका अज्ञानाने जॅकवरून गाडी सुटू शकते. तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, आणि एक्सलखाली घोडे दिल्याखेरीज कशालाही हात घालू नये.

चाक निघाले तरी ड्रम हाती येत नाही, कारण या गाड्यांच्या पुष्कळशा मागील एक्सलांवर हब निमुळत्या शाफ्टावर दाबून बसविलेला असतो, आणि वर्षानुवर्षांच्या भाराने तो तेथे जणू एकजीव झालेला असतो. येथे बाजूने हातोडा मारण्याचा मोह होतो. त्याने ड्रमची कड फुटते अथवा बेअरिंगला धक्का बसतो. योग्य मार्ग हब-पुलरचा. स्प्लिट पिन काढून मोठा नट ढिला करावा, परंतु संपूर्ण काढू नये, शाफ्टाच्या टोकाशी समपातळीत ठेवावा. पुलर ताणून त्याच्या स्क्रूवर एक-दोन ठोके देताच हब बंदुकीसारखा आवाज करून सुटतो, आणि नट नसेल तर तो समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर येतो.

ड्रम दूर होताच जी काळी पूड दिसते तिच्याविषयी गांभीर्याने बोलले पाहिजे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची अदृश्य तंतुमय धूळ फुप्फुसात जाऊन बसली म्हणजे कित्येक वर्षांनी ॲस्बेस्टोसिस किंवा कर्करोगाच्या रूपाने प्रकट होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या उद्योगातील कामगारांच्या बाबतीत निर्णय देताना आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच अंश मानला. पण न्यायालयाचा हुकूम नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत पोहोचत नाही, आणि कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम फुंकून काढण्याची रीत अजूनही सर्रास दिसते. पाण्याने ओले करून, फडक्याने पुसून, ते फडके बंद पिशवीत टाकणे, इतकीच तजवीज पुरे असते. ती न करणाऱ्या मिस्त्रीकडे हाताखालचे पोर शिकायला ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पूड पुसली की ओलाव्याची रुजुवात करावी. लायनर तेलकट असेल तर ते तेल कोणते हे ठरविल्यावाचून नवे लायनर लावणे व्यर्थ आहे. दाट, काळसर, गंधकाचा उग्र वास असलेले तेल एक्सलच्या नळीतून, ऑइल सील ओलांडून आलेले असते. आणि सील नवे घालूनही ते पुन्हा येत असेल तर एक्सलच्या माथ्यावरचे श्वासछिद्र चिखलाने बुजलेले आहे का ते पाहावे, कारण तापलेली हवा बाहेर पडायला वाट नसली की ती तेलालाच सीलमधून ढकलते. पातळ, पाण्यासारखा, रंग खाणारा ओलावा असेल तर तो व्हील सिलिंडरमधून झिरपला आहे. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा भट्टीत जाळून पुन्हा वापरणारे लोक आहेत. तापल्यावर आत मुरलेले तेल वर येते, आणि एका बाजूचा ब्रेक पकडतो, दुसऱ्या बाजूचा घसरतो.

शू उतरविण्यापूर्वी कोणता पुढचा, कोणता मागचा, कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात, हे खडूने लिहून ठेवावे, आणि एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुन्यादाखल शाबूत राहते. या सूचनेचे कारण केवळ विसराळूपणा नव्हे. फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो, दाराखाली सरकविलेली पाचर दार ढकलावे तशी अधिकच रुतते त्याप्रमाणे; मागच्या शूला मात्र तोच ड्रम दूर लोटतो. दोन्ही शू खाली आपापल्या स्वतंत्र खुंटीवर टेकलेले असतील, जसे जुन्या विलीस जीपमध्ये असतात, तर पुढच्या शूवर कामाचा मोठा वाटा पडतो, आणि जेथे लायनर लांब-आखूड असतात तेथे लांब लायनर पुढे बसते. परंतु ज्या रचनेत दोन्ही शू तळाशी एकमेकांना जोडलेले असतात आणि पुढचा शू मागच्याला रेटतो, त्या ड्युओ-सर्वो जातीत मोठे काम मागचा शू करतो, म्हणून तेथे लांब लायनर मागे जाते. ट्रकच्या कामावर हात बसलेला मिस्त्री जीपवर, आणि जीपवरचा ट्रकवर, नेमकी येथे फसतो. गाडी दिसायला ठीक तयार होते, ब्रेक मात्र कधी दुबळा तर कधी अचानक ओढणारा निघतो, आणि त्याचे खापर विनाकारण लायनर बनविणाऱ्यावर फुटते.

लायनर शूवर रिव्हेटांनी बसवायचे असेल तर मधल्या रिव्हेटांपासून आरंभ करून टोकांकडे जावे, म्हणजे लायनर शूच्या पाठीवर सर्वत्र चिकटून बसते. टोकांपासून सुरुवात केली तर मध्ये फुगार राहतो, आणि त्या पोकळीत लायनर तडकते. रिव्हेटचे डोके पृष्ठभागाच्या पुरेसे खाली असावे, नाहीतर थोड्याच झिजेनंतर ते ड्रममध्ये चर पाडू लागते. ड्रमला आधीच चर पडले असतील, किंवा तो अंडाकृती झाला असेल, तर लेथवर टर्न करावा लागतो. त्याची मर्यादा मूळ व्यासाहून सुमारे दीड मिलिमीटरपर्यंतची समजतात, त्यापुढे ड्रम पातळ होऊन उष्णता साठवू शकत नाही व तडे जातात. दोन्ही बाजूंचे ड्रम एकाच मापाचे टर्न करावेत, हा दंडक पुष्कळ ठिकाणी पैसे वाचविण्याच्या निमित्ताने मोडला जातो. ड्रम मोठा झाला की नव्या लायनरचा बाक त्याच्याशी जुळत नाही. पूर्वीच्या मोठ्या वर्कशॉपांत शूचा बाक ड्रमच्या मापाने घासून देणारे यंत्र असे. ते आता दुर्मिळ झाले आहे. तेव्हा ड्रमच्या आतल्या पृष्ठावर खडू फासून शू हाताने फिरवून पाहावा. खडू लायनरच्या मध्यभागी उमटला तर काळजीचे कारण नाही, वापराने ते टेकत जाते. टोकांना उमटला तर ती टोके कानसीने निमुळती करावीत, अन्यथा ब्रेक किंचाळतो आणि झटक्याने पकडतो.

व्हील सिलिंडर हा या सगळ्या रचनेतील सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित अवयव होय. ब्रेक ऑइल ग्लायकोल वर्गातील द्रवापासून बनते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ जातीचे ताजे ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्या ऑइलच्या बाबतीत हा किमान बिंदू १४० अंशांवर उतरतो. अकोल्याचा वैशाख ४५ अंशांच्या पुढे जातो हे खरे असले तरी हवेच्या उन्हाने ऑइल उकळत नाही. घाटात तापलेल्या ड्रमची उष्णता सिलिंडरमध्ये शिरली की ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल तळाला टेकते. तोच ओलावा लोखंडी सिलिंडरच्या आतल्या पृष्ठाला गंजाचे खड्डे पाडतो, त्या खड्ड्यांवर रबरी बकेट घासून फाटते, आणि गळती सुरू होते. सिलिंडर बारीक पॉलिश पेपरने घासून स्वच्छ झाला आणि नखाला खड्डा लागला नाही, तर नवी बकेट किट घालावी. खड्डा लागला तर सिलिंडरच बदलावा. भाग धुण्यासाठी पेट्रोल किंवा डिझेल कदापि वापरू नये, कारण खनिज तेलाच्या स्पर्शाने ही रबरे फुगून सिलिंडरमध्ये अडकतात. ताजे ब्रेक ऑइलच धुण्याचे साधन समजावे. बदललेला सिलिंडर मूळ व्यासाचाच आहे याची खातरजमा दुकानातच करून घ्यावी. पाऊण इंचाच्या मागणीला ‘एकच येते’ म्हणून दुसरे माप पुढे करणारे दुकानदार सर्वत्र आहेत.

जुळणीच्या वेळी बॅकप्लेटच्या ज्या उंचवट्यांवर शू सरकतात तेथे, आणि खालच्या खुंट्यांवर, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा केवळ पुसटसा लेप द्यावा. बोटभर ग्रीस लावणाऱ्याने ते लायनरसाठीच लावले आहे असे समजावे. विलीसच्या पद्धतीत शूच्या तळाच्या खुंट्या आणि वरचे कॅम दोन्ही विकेंद्री असतात, आणि फट ठेवण्याचे माप ठरलेले आहे: खालच्या टोकाशी ५ हजारांश इंच, वरच्या टोकाशी ८ हजारांश इंच, म्हणजे अनुक्रमे सुमारे ०.१३ व ०.२० मिलिमीटर. पुष्कळ मिस्त्री खालच्या खुंट्यांना हातच लावीत नाहीत, वरचा कॅम फिरवून चाक घासेपर्यंत आणतात आणि किंचित मागे घेतात. रोजच्या झिजेपुरते ते चालते, परंतु नवे लायनर घातल्यावर खालची फट फीलर गेजने मोजली नाही, तर शू ड्रमच्या मध्याशी समकेंद्री बसत नाही, आणि मग वर कितीही कॅम फिरविला तरी पेडल मऊच राहते. डाव्या-उजव्या बाजूंची फट सारखी असणे हे फटीच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचे आहे. हब पुन्हा चढविताना निमुळता शाफ्ट व हबचे तोंड कोरडे पुसून, चावी तिच्या खाचेत बसवून, नट सुमारे १५० फूट-पौंडांपर्यंत आवळावा. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढेच न्यावा, मागे कधीही घेऊ नये.

त्यानंतर एअर काढणे. आपल्याकडील गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे, चालकाच्या पायाखाली असल्यामुळे सर्वांत दूरचे चाक डावे मागचे. तेथून आरंभ करून उजवे मागचे, मग डावे पुढचे, शेवटी उजवे पुढचे, असा क्रम ठेवावा. निपलला बसविलेल्या नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलात बुडालेले असावे, पेडल सावकाश दाबावे, आणि पेडल खाली असतानाच निपल बंद करावी. बाहेर आलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये. पेडलच्या आरंभी थोडी मोकळी चाल असल्याशिवाय मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक छिद्र उघडे राहत नाही. ते झाकलेले राहिले तर तापून प्रसरण पावलेल्या ऑइलाला मागे जाण्यास वाट उरत नाही, आणि मूर्तिजापूर गाठेपर्यंत ब्रेक आपोआप लागून गाडी जड होते. ही चाल मारून पेडल ‘टाइट’ करून घेणारे मालक हा त्रास स्वखुशीने पत्करीत असतात.

चाचणी मोकळ्या गाडीने, कोरड्या व निर्मनुष्य रस्त्यावर, कमी वेगात सुरू करावी. ताशी ४० च्या सुमारास जोर वाढवीत नेला असता मागची चाके पुढच्यांच्या आधी जखडत असतील, तर काम अद्याप पुरे झालेले नाही. मागील सिलिंडरचे माप, लायनरची जात आणि पुढील ब्रेकची अवस्था, या तीन गोष्टी पुन्हा तपासाव्यात, कारण पुष्कळदा दोष मागच्यांचा नसून पुढचे ब्रेकच निस्तेज झालेले असतात. भरल्या गाडीला थांबायला लागणारे जादा अंतर त्यानंतर आपोआप उरत नाही असे नाही. ते उरतेच, आणि ते वेग कमी ठेवून व उतारावर ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरून भरून काढायचे असते. पहिल्या काही दिवसांत एकदम जोराचे ब्रेक टाळावेत, म्हणजे लायनर ड्रमला समान टेकते. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबल्यावर दोन्ही मागील ड्रमांजवळ हाताची पाठ न्यावी. एका बाजूचा ड्रम दुसऱ्याहून उघडपणे अधिक तापलेला असेल तर त्या बाजूचा शू घासत आहे, तेव्हा तेथील कॅम किंचित मागे घेऊन पुन्हा तितकेच अंतर चालवून पाहावे, आणि लायनर बसल्यानंतर वाढलेली फट चारी शूंवर नव्याने जुळवून घ्यावी.